टिंब दिसत नाही, पण येतं

माझ्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात एक शंभर पानी वही आहे. ती माझी नाही. ‘झेरॉक्स काढून उद्या देते’ असं सांगून मी ती एका विद्यार्थिनीकडून घेतली, त्याला आता पंधराहून जास्त वर्षं झाली. उसनी साखर, उसने पैसे माझ्या हातून वेळेवर परत जातात. ही वही तेवढी गेली नाही. आधी राहून गेली, मग लाजेपायी राहिली, आणि पुढे तर ती परत द्यायची आहे हेच मी सोयीनं विसरून गेले.

मी मूळची साताऱ्याकडची. २००६ च्या पावसाळ्यात तासिका तत्त्वावर कॉम्प्युटर शिकवायला नंदुरबारला आले. ध्येयबिय काही नव्हतं. दुसरीकडे कुठे काम मिळालं नाही, इथे मिळालं. जिल्हा तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा होता. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा काढलेला. आईनं नकाशा उघडून पाहिला आणि म्हणाली, ‘अगं, हे तर गुजरातच की!’ तिचं अगदीच चुकलं नव्हतं. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. गावात अहिराणी आणि गुजराती, डोंगरात पावरी आणि भिलोरी, नवापूरकडे मावची आणि कोकणी. ज्या मराठीच्या जोरावर मी वर्गात उभी राहिले, ती माझ्या बऱ्याचशा मुलांनी शाळेत जाऊन शिकलेली भाषा होती. म्हणजे इंग्रजी त्यांना तिसरी, आणि सी लँग्वेज चौथी. हा हिशोब माझ्या डोक्यात शिरायला दोन वर्षं लागली, आणि तोवर मी त्यांना मठ्ठ समजत होते.

लॅबमध्ये अकरा मशीन, त्यातली आठ चालू. फुगीर काचेचे मॉनिटर, त्यांवर टर्बो सीचा निळा पडदा, आणि एका बॅचला चाळीस मुलं. धूळ नको म्हणून चपला दाराबाहेर काढायच्या. त्या चपलांचा ढीग बघून वाटायचं, आत कीर्तन चाललंय.

मार्च आला की मशीन चावायला लागायची. ‘चावायला’ हा मुलांचाच शब्द. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या यायच्या. मला कारण पाठ होतं. पॉवर सप्लायमध्ये विजेतला गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग धड असेल तर त्यांतून झिरपणारा करंट निमूट जमिनीत जातो. नसेल तर पत्र्यावर शंभरेक व्होल्टचा दाब उभा राहतो. करंट अगदी किरकोळ, पण अनवाणी उभ्या असलेल्या पोराला तो बरोबर कळतो. हे सगळं मी फळ्यावर आकृती काढून समजावलं. आकृती छान आली होती. मुली तरीही हात मांडीवर ठेवूनच बसल्या.

मग नाना बादली घेऊन आले. नाना आमचे लॅब अटेंडंट. शिपाई म्हणून लागलेले, पांढरी टोपी, शर्टाच्या खिशात टेस्टर. ते लॅबच्या मागच्या बाजूला गेले, भिंतीलगतचं एक लोखंडी झाकण उचललं आणि आत बादलीभर पाणी ओतलं. मग दुसरी बादली. मी खिडकीतून विचारलं, नाना, हे काय करताय?

‘जमीनले तीस लागनी, मॅडम.’

तीस म्हणजे तहान. खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरलेला होता, मधोमध पट्टी पुरलेली. पावसाळ्यात माती ओली असते तोवर करंट खाली उतरतो. उन्हाळ्यात माती कोरडी ठणठणीत झाली की तो उतरायला तयार होत नाही, पत्र्यावरच बसून राहतो. पाणी ओतून झाल्यावर नाना आत आले आणि एकेका मशीनच्या पत्र्यावर तळहात ठेवत गेले, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा. अकराव्या मशीनपाशी पोचले आणि मुलींकडे बघून नुसती मान हलवली. मुलींनी कीबोर्डवर हात ठेवले. माझी आकृती फळ्यावर तशीच होती.

त्या दिवसापासून दर सोमवारी बादली. मार्च ते जून दोन बादल्या. आणि रोज सकाळी अकरा वेळा तळहात. प्रोग्रॅमिंगच्या कुठल्याच पुस्तकात हा धडा नाही, पण मी आजही नव्या लॅबमध्ये गेले की आधी पत्र्याला हात लावते.

२००८ च्या बॅचला ती आली. अक्राणी तालुक्यातली, धडगावच्याही पलीकडची. आश्रमशाळेत शिकलेली, इथे मुलींच्या वसतिगृहात राहणारी. तिचं नाव लिहीत नाही. तिला विचारलेलं नाही. पहिल्या महिन्यातली गोष्ट. दोन आकडे घेऊन त्यांची सरासरी काढायची, एवढाच प्रोग्रॅम. मी फळ्यावर लिहून दिला होता, मुलांनी तो टाइप करून चालवायचा होता. वीस मिनिटांनी फेरी मारत मी तिच्यामागे आले तर तिच्या पडद्यावर दीड ओळ. ती एक अक्षर उमटवायची, पुसायची, पुन्हा तेच अक्षर, पुन्हा पुसायची. बाकीची मुलं रांगेत खोळंबलेली. मी म्हणाले, ‘बारावी झालीस ना? ए-बी-सी-डी तरी येते का तुला?’

वर्ग हसला. ती रडली असती तर मला तेव्हाच समजलं असतं. तिनं फक्त हात कीबोर्डवरून उचलले आणि मांडीवर ठेवले. पुढची दोन प्रॅक्टिकल ती मशीनला शिवलीच नाही. कोपऱ्यात बसून वहीत काहीतरी करत राहायची. मी ठरवून टाकलं, पोरगी अकडू आहे आणि शेजारणीचं उतरवून घेतेय.

आठवड्याभरानं नाना म्हणाले, ‘मॅडम, ती पोरगी सुटीनंतर बंद मशीनपुढे बसते. बसू देऊ का?’ मी बघायला गेले. नादुरुस्त तीन मशीनपैकी एकीच्या कीबोर्डशेजारी तिनं वही उघडून ठेवली होती. दोन पानं मिळून पूर्ण कीबोर्ड काढलेला, पट्टीनं आखून. स्पेसबार इतका लांब की तो पिनांवरून पलीकडच्या पानावर गेला होता. प्रत्येक चौकोनात वर कॅपिटल अक्षर आणि खाली स्मॉल. काही चौकोनांजवळ बारीक अक्षरात मराठी टिपणं. आयच्या चौकोनापाशी लिहिलं होतं: ‘इथे टिंब दिसत नाही, पण येतं.’ एलपाशी: ‘हा पडद्यावर उभी रेघ होतो. आय नाही. एकही नाही.’

मी तिथेच स्टुलावर बसले.

कीबोर्डवर सगळी अक्षरं कॅपिटल छापलेली असतात. फळ्यावर मी लिहायची ती स्मॉल, कारण सी लँग्वेजला स्मॉलच लागतात. तिला हवा होता ‘फ्लोट’मधला एल. फळ्यावर तो नुसती उभी रेघ. कीबोर्डवर नुसती उभी रेघ कुठे आहे? आयच्या बटणावर! तिनं ते दाबलं, तर पडद्यावर रेघेच्या डोक्यावर टिंब. पुसलं, परत दाबलं, परत टिंब. आणि ‘इंट’मधला टिंबवाला आय शोधायला गेली, तर टिंब असलेलं बटण अख्ख्या कीबोर्डवर नाही. तिच्या जागी मी असते तर मशीन बिघडलंय म्हणून उठून गेले असते. ही पोरगी उठली नाही. बंद कीबोर्ड आणि चालू पडदा यांची एकेक जोडी लावून तिनं आठवडाभरात सगळा घोळ कागदावर सोडवला होता. चूक कुठे होते ते शोधायचं, नोंदवायचं, परत होऊ नये अशी सोय करायची. ज्याला आम्ही डीबगिंग म्हणून दुसऱ्या सत्रात शिकवतो, ते ती पहिल्या महिन्यात करून बसली होती. आणि मी तिला ए-बी-सी-डी विचारली होती.

मी तिची माफी मागितली, असं लिहायला आवडलं असतं. मी म्हणाले, ‘वही दे. झेरॉक्स काढून उद्या देते.’ तिनं वहीकडे एकदा बघितलं आणि दिली.

त्या दोन पानांची मोठी झेरॉक्स लॅबच्या भिंतीवर चिकटली. आणखी प्रती काढून पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलाला दिल्या. तेव्हापासून आजतागायत माझ्या पहिल्या तासाला चार्ल्स बॅबेज येत नाही, पहिली पिढी-दुसरी पिढी येत नाही, सीपीयूची चौकट येत नाही; ती दोन पानं येतात. त्यावर तिचं नाव नाही. मुलं विचारतात, हे कोणी काढलं? मी म्हणते, तुमच्यासारख्याच एका मुलीनं.

ती भारनियमनाची वर्षं होती. लाइट जाण्याचं वेळापत्रक आणि आमचं वेळापत्रक यांचा कधी मेळ बसला नाही. प्रॅक्टिकलला लाइट गेली की पंख्याची पाती थांबेपर्यंत मुलं वर बघत बसायची, मग माझ्याकडे. सुरुवातीला मी चिडायचे. पुढे काही इलाजच नव्हता म्हणून बिनमशीनचं शिकवायला लागले. मुलांनाच व्हेरिएबल करायचं. एकीच्या हातात वाटी, वाटीत चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडा; दुसरा मुलगा प्रोग्रॅमची ओळ वाचणार, तिसरा चिठ्ठी बदलणार. ‘एक्स बरोबर एक्स अधिक एक’ ही ओळ गणितवाल्या मुलांना भारी खुपायची. हे समीकरण खोटं आहे, म्हणायची. वाटीतली पाचाची चिठ्ठी काढून, तिच्यात एक मिळवून, सहाची परत त्याच वाटीत टाकली की भांडण मिटायचं.

लूप मात्र मिटेना. मी पुस्तकातलंच उदाहरण घेतलं होतं: एक ते दहा आकडे छापा. नंदुरबारातलाच एक मुलगा, वर्गात कधी तोंड न उघडणारा, म्हणाला, ‘मॅडम, एक ते दहा लिहायला एवढा कुटाणा कशाला? मी हातानं लिहून टाकतो की.’

बरोबरच होतं त्याचं. मी विचारलं, मग तूच सांग, एकच काम पुन्हा पुन्हा कोण करतं?

‘माझी आई.’

नंदुरबारच्या मिरचीचा बाजार मोठा. दिवाळीच्या सुमारास ओल्या लाल मिरचीच्या गाड्या यायला लागतात, आणि गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत पडते; लांबून बघावं तर शेतात लाल सतरंजी अंथरल्यासारखी. वारा गावाकडे वळला की आमच्या लॅबमध्ये अख्खी बॅच ठसकते. त्या पथारीवर त्याची आई देठ खुडायला जायची. तो उभा राहून सांगायला लागला. आई मोजत नाही. ढीग आहे तोवर मिरची उचलते. देठ तोडते. मिरची लाल असेल तर उजवीकडे, फटकी असेल तर डावीकडे. ढीग संपला की उठते.

मी खडू घेऊन त्याच्या मागोमाग लिहीत होते. ‘ढीग आहे तोवर’ म्हणजे व्हाइल. ‘लाल असेल तर’ म्हणजे इफ. ‘नाहीतर’ म्हणजे एल्स. पाच ओळींत अख्खा प्रोग्रॅम उभा. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, ‘आणि पाऊस आला तर?’ अवकाळी पाऊस आला की पथारीवर धावपळ उडते, ढीग अर्धा राहिला तरी हातातलं टाकून ताडपत्री ओढायला पळावं लागतं. तो मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘तर मधूनच उठायचं. ढीग बाकी असला तरी.’ मी फळ्यावर ब्रेक लिहिलं. ब्रेक शिकवायला पुढे आणखी दोन तास राखून ठेवले होते मी, ते वाचले. वाचलेल्या तासांत काय शिकवलं ते आठवत नाही, बहुधा काहीच नाही.

ह्या जिल्ह्यात होळीपुढे विद्यापीठाच्या परीक्षेचं काही चालत नाही, हेही मी असंच ठेच लागून शिकले. पहिल्या वर्षी मी नेमकी होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यात चाचणी ठेवली. वर्गात मी आणि नाना.

अशाच एका सुटीत मी त्या वहीवाल्या मुलीच्या गावाकडे गेले. शहाद्याहून जीप, मग घाट, मग आणखी जीप. जीपमध्ये किती माणसं मावतात याचं उत्तर त्या रस्त्यावर ‘आणखी एक’ असंच आहे. उन्हाळ्याची सुरुवात होती, अंगणाअंगणात कैऱ्यांचे ढीग, बायका विळ्या घेऊन बसलेल्या. आमचूर वाळत घातलेला, त्याच्या आंबट वासानं दात शिवशिवायला लागले. तिची आजी ओसरीवर कैऱ्या मोजत होती. मोजणं पावरीत, मला कळत नव्हतं. पण हात कळत होते. वीस झाल्या की आजी एक खडा बाजूला ठेवायची. पुन्हा वीस, पुन्हा खडा. शेवटी सात खडे झाले आणि चार कैऱ्या उरल्या. ‘किती झाल्या?’ मी नातीला विचारलं.

‘सात विसा चार.’

साताऱ्याकडे आमची पणजीही विसांनी मोजायची. आम्ही पोरं तिला हसायचो, कारण शाळेनं आम्हाला एकशे चव्वेचाळीस शिकवलं होतं. इथे मात्र मला एकदम आमच्या वर्गातलं बायनरी आठवलं. बायनरीतला ‘एक शून्य एक’ मुलं हटकून ‘एकशे एक’ असा वाचायची. मी कितीदा ओरडले असेन की हा एकशे एक नव्हे, हा पाच आहे. पण दहानं बांधलेल्या डोक्याला दुसरं बिऱ्हाड पटत नव्हतं. आजीच्या ओसरीवर ते बिऱ्हाड मांडलेलंच होतं. खडा म्हणजे वीस, सुटी कैरी म्हणजे एक. वीस खडे झाले तर? मी नातीकरवी विचारलं. आजीनं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि एक मोठा दगड उचलून दाखवला.

मग वर्गात वीसच्या ऐवजी दोन घेतले. दोन चिंचोके झाले की एक खडा, दोन खडे झाले की एक दगड. पाच चिंचोक्यांचं काय होतं ते मुलांनी स्वतः मांडलं: एक दगड, खडा नाही, एक चिंचोका. एक, शून्य, एक. कोणीही एकशे एक म्हणालं नाही. मला आजींना ते सांगायचं होतं, पण परत जाणं झालं नाही. आमच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं गेलं, तेव्हा मला ती ओसरी आठवली. बहिणाबाईंनाही लिहिता-वाचता येत नव्हतं.

२९ सप्टेंबर २०१० ला आमच्या जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. पंतप्रधान मनमोहन सिंग आले, सोनिया गांधी आल्या, हेलिकॉप्टर आली, आमच्याकडचे रस्ते दोन दिवस गुळगुळीत झाले. कॉलेजात दुसऱ्या कशावर बोलणंच नव्हतं. ती तेव्हा तिसऱ्या वर्षाला होती. तासाला कोणीतरी विचारलं, मॅडम, हा बारा आकडी नंबर आपल्या प्रोग्रॅममध्ये कसा ठेवायचा? मी म्हणाले, ठेवून बघा.

टर्बो सीमध्ये इंट म्हणजे दोन बाइट. त्यात ३२,७६७ च्या वर आकडा मावत नाही. हे मुलांनी परीक्षेत लिहिलेलं होतं, गुणही मिळवले होते. पण लिहिणं वेगळं. बारा आकडी नंबर घालायच्या आधी त्यांना म्हटलं, आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या घालून बघू. २००१ च्या जनगणनेप्रमाणे १३,११,७०९. मशीननं एक इशारा दिला. मुलांनी इशाऱ्यांकडे बघायचं नसतं असं आपसात ठरवलेलंच होतं. प्रोग्रॅम चालला. पडद्यावर उत्तर आलं: ९८९.

वर्ग खो-खो हसला. तेरा लाखांचा जिल्हा ९८९ वर! मी फळ्यावर समजावलं: भांडं ६५,५३६ चं आहे, भरलं की रिकामं होऊन पुन्हा शून्यापासून भरायला लागतं. तसं ते वीस वेळा भरून सांडलं, आणि एकविसाव्या खेपेला जे तळाशी उरलं ते ९८९.

ती हसली नव्हती. म्हणाली, ‘मग बाकीची माणसं कुठे गेली?’

अक्राणी आणि अक्कलकुव्याची तेहेतीस गावं सरदार सरोवराच्या पाण्यानं बाधित झालेली. वर्गात पुनर्वसनाच्या वसाहतींमधून येणारी मुलं होती. तिनं तो प्रश्न त्या अर्थानं विचारला होता की निव्वळ प्रोग्रॅमचा, मला ठाऊक नाही. हसू मात्र थांबलं. मी ओव्हरफ्लो हा शब्द फळ्यावर लिहिला आणि खाली रेघ मारली, याहून जास्त मला त्या दिवशी जमलं नाही.

मग लाँग घेतला, चार बाइटचा. तोही २,१४,७४,८३,६४७ पाशी संपतो, दहा आकडे. बारा आकड्यांना जागा नाहीच. मी डबलकडे वळणार होते. तेवढ्यात तीच म्हणाली, ‘मॅडम, ह्या नंबरची बेरीज करायची आहे का?’

नाही.

‘गुणाकार?’

नाही.

‘मग तो आकडा कशाला म्हणायचा? ते नाव आहे. नावासारखं ठेवू.’

अक्षरांची ओळ करून ठेवायचा, बारा घरं, आणि तेरावं ओळ संपल्याची खूण म्हणून. इतकं साधं. फोन नंबर, पिन कोड, हजेरी क्रमांक. ज्याची बेरीज करायची नाही तो आकडा नव्हेच. मी एम.एस्सी. केलेली बाई, इतकी वर्षं मुलांचे हजेरी क्रमांक इंटमध्ये ठेवत आले होते. पुढे कधीतरी वाचलं की आधारचा शेवटचा आकडा तर निव्वळ पडताळणीसाठी असतो, डच गणिती व्हरहूफ यांच्या पद्धतीनं आधीच्या अकरांवरून काढलेला; एखादा आकडा लिहिताना चुकला किंवा दोन शेजारी आकड्यांची अदलाबदल झाली तर तो लगेच ओरडतो. तेव्हा वाटलं, असा एखादा शेवटचा आकडा शिकवणाऱ्याच्या वाक्यांनाही असता तर २००८ सालीच माझं वाक्य अडकलं असतं.

ती २०११ ला पदवी घेऊन गेली. नाना निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला टेस्टर दिला आणि झाकण कुठे आहे ते नव्या मुलाला दाखवायला सांगितलं. टर्बो सी गेलं, पायथॉन आलं. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियलचे छोटे छोटे धडे मराठी आवाजात मिळायला लागले, इंटरनेट नसताना सीडीवरून चालायचे; पडद्यावर इंग्रजी आणि कानात मराठी. ते ऐकताना लक्षात आलं की मी इतकी वर्षं दोन्हींची खिचडी करून मुलांच्या कानात ओतत होते. कोण कुठली ती आवाज देणारी माणसं, पण त्यांचंही माझ्याकडे येणं आहे.

मागच्या दिवाळीत तिचा फोन आला. आता ती तळोद्याच्या बाजूला एका शाळेत शिकवते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, ‘मॅडम, माझी ती वही आहे का हो अजून?’

माझ्या पोटात गोळा आला. आहे, म्हणाले. उद्याच पाठवते.

‘वही राहू द्या. शेवटच्या पानाचा फोटो पाठवा फक्त.’

इतक्या वर्षांत मी शेवटचं पान कधी उघडलं नव्हतं. कीबोर्ड मधल्या पानांवर होता, माझं काम तिथेच संपत होतं. खण ओढला, वही काढली. शेवटच्या पानावर निळ्या पेनानं काढलेले गोल होते, ओळीनं, आणि अधूनमधून उभ्या रेघा. अक्षर एकही नाही. मला वाटलं आमचुराचा हिशोब असेल, कुठल्या व्यापाऱ्याकडची बाकी. तसं तिला विचारलं.

‘नाही मॅडम. वसतिगृहाला निघताना आजी दर वेळी पैसे द्यायची. मी मांडून ठेवायची, नोकरी लागल्यावर फेडायचे म्हणून. गोल म्हणजे वीस रुपये, रेघ म्हणजे एक. आजी श्रावणात गेली. किती होते ते बघायचं होतं.’

मी फोटो काढून पाठवला. गोल मोजले नाहीत. ते मोजणं माझं नव्हतं. पाच मिनिटांनी तिचा मेसेज आला. वही माझ्याकडे गेली त्याच्या आदल्या रविवारी आजी बाजाराला आली होती, तेव्हाचा एक गोल मांडायचा राहिला होता. तेवढा घालाल का?

खणात पेनं पुष्कळ होती, सगळी काळी आणि लाल. निळं शोधायला मी स्टाफरूममध्ये गेले.